‘महिला दीन’ आणि न उमटलेली लाल रेघ

मध्यंतरी एका कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप केलेल्या जेमतेम दहा ओळी. त्यांत दोन शब्दांखाली लाल नागमोडी रेघ होती: एक वक्त्यांचं आडनाव आणि दुसरा ‘सूत्रसंचालन’. दोन्ही शब्द अगदी बरोबर लिहिलेले. आणि सगळ्यात वर, ठळक मोठ्या अक्षरांत, ‘जागतिक महिला दीन’. त्याखाली काही नाही.

‘दिन’ म्हणजे दिवस. ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. एका वेलांटीने सोहळ्याची कीव करून टाकली होती आणि यंत्र गप्प होतं. मजकूर पाठवणाऱ्या बाईंनी तर सोबत कळवलंही होतं, ‘स्पेलचेक केलंय, आडनाव तेवढं चुकीचं दाखवतंय, बघाल का?’

त्यांची चूक नव्हती. लाल रेघ म्हणजे चूक आणि रेघ नाही म्हणजे बरोबर, असंच आपण बहुतेक सगळे धरून चालतो. यातलं पहिलं अनेकदा खोटं ठरतं. दुसरं जास्त वेळा ठरतं, आणि जास्त महागात पडतं.

दारावरचा रखवालदार

शब्द तपासणाऱ्या यंत्रणेचं मूळ काम ऐकलं तर हसू येईल इतकं साधं आहे. इमारतीच्या दारावर एक रखवालदार बसवलाय असं समजा. त्याच्या हातात रहिवाशांची यादी आहे. येणाऱ्याचं नाव यादीत असेल तर आत सोडायचं, नसेल तर अडवायचं. माणूस चांगला की वाईट, कुणाकडे आणि कशासाठी आलाय, हे त्याने बघायचं नाही.

वर्ड प्रोसेसर तेच करतो. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं पाहून मजकुराचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा आपल्या शब्दयादीत शोधतो. सापडला नाही की लाल रेघ. वक्त्यांचं आडनाव हा सज्जन पाहुणा होता, पण यादीत नव्हता, म्हणून अडवला गेला. ‘दीन’ हा रहिवासी होता. तो नको त्या मजल्यावर निघाला होता, पण रखवालदाराला त्याचं काय? नाव यादीत होतं.

ही कल्पना जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत लेस अर्नेस्ट यांनी हाताने लिहिलेली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम करताना त्याला दहा हजार नेहमीच्या शब्दांची यादी जोडली होती. १९७१ मध्ये स्टॅनफर्डला राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो नुसता अडवत नव्हता, ‘तुम्हाला हा शब्द म्हणायचाय का?’ असंही सुचवत होता. आज आपण वापरतो त्याचा सांगाडा तेव्हाच तयार झाला.

पण माझ्या मते खरा बदल १९९५ चा. तोपर्यंत तपासणी हे लिहून झाल्यावर करायचं वेगळं काम होतं: एफ७ दाबा, एकेक शब्द पुढे येईल, निर्णय घ्या. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड ९५ पासून टाइप करता करताच रेघ उमटायला लागली. सोय मोठीच झाली, पण त्यासोबत एक सवय नकळत लागली. आता कुणीतरी सतत मागे उभं राहून बघतंय असं वाटतं, आणि ते काही बोललं नाही की आपण त्याला होकार समजतो.

मग यादी मोठी करा ना!

हा पहिला आक्षेप हमखास येतो. जगातले सगळे शब्द यादीत घातले तर आडनावं अडणार नाहीत, ‘सूत्रसंचालन’ही सुटेल.

सुटेल. पण सोबत चुकाही सुटतील. ‘पाणि’ हा शब्द घ्या. पहिल्या वेलांटीचा ‘पाणि’ म्हणजे हात. ‘पाणिग्रहण’मध्ये तोच आहे. यादी परिपूर्ण करायची म्हणून तो आत घेतला, की ‘प्यायला पाणि द्या’ हे वाक्य बिनधोक पुढे जाईल. ‘पाणि’ हाताच्या अर्थाने वर्षातून एकदा लिहिला जात असेल. पाण्याची वेलांटी रोज चुकते. म्हणजे एका दुर्मिळ बरोबर शब्दासाठी रोजच्या चुकीला दार उघडं.

मराठीत तर अशा जोड्या पावलोपावली. ‘शिर’ म्हणजे डोकं, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. ‘सलिल’ म्हणजे पाणी, ‘सलील’ म्हणजे लीलया. ‘मिलन’ म्हणजे भेट आणि ‘मीलन’ म्हणजे मिटणं. वेलांटी चुकवा की उकार, दुसरा खरा शब्द तयारच असतो. म्हणून चांगली यादी करणारे लोक काय घ्यायचं यापेक्षा काय वगळायचं यावर जास्त डोकं खाजवतात.

एका शब्दाची वीस रूपं

इंग्रजीत एका नामाची मोजकी रूपं होतात. आपल्याकडे ‘घर’ घ्या: घरी, घरात, घराला, घराचा, घराच्या, घरांमध्ये, घरासमोर, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनाही. प्रत्येक शब्दाचं प्रत्येक रूप यादीत लिहायचं म्हटलं तर यादी फुगत जाते आणि तरी अपुरीच राहते.

यावर उपाय असा की मूळ शब्द एकदाच ठेवायचा आणि त्याला काय काय जोडता येतं याचे नियम वेगळे लिहायचे. ‘हनस्पेल’ नावाचं तपासणी इंजिन असंच चालतं. एका फाइलमध्ये शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. ते लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी तयार केलं, कारण हंगेरियनमध्येही शब्दाला शेपटामागून शेपूट लागत जातं. आज लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात आणि फायरफॉक्स ब्राउझरमध्ये तेच इंजिन आहे.

नियम आले म्हणजे प्रश्न मिटला असं वाटेल. मग हे दोन शब्द पाहा: ‘गरीब’ आणि ‘शरीर’. ठेवण एकच. तीन अक्षरं, मधल्यावर दुसरी वेलांटी. प्रत्यय लावा. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, मधली वेलांटी पहिली होते. ‘शरीर’चं मात्र ‘शरीराला’च राहतं. कारण ‘शरीर’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, व्याकरणात ज्याला तत्सम म्हणतात, आणि तत्सम शब्दांना ही सूट आहे.

आता यंत्राने ओळखायचं कसं? ‘शरीर’च्या अंगावर कुठे लिहिलंय की तो संस्कृतातून आला? नुसतं बघून माणसालाही सांगता येत नाही, लक्षात ठेवावं लागतं. त्यामुळे कुणीतरी बसून यादीतल्या एकेका शब्दापुढे खूण करावी लागते: याला हा नियम, त्याला तो. ती खूण चुकली की रखवालदार ‘शरिराला’ सलाम ठोकून आत सोडतो आणि ‘शरीराला’ बाहेर उभं करतो. मराठीत बरोबर लिहिलेल्या लांब शब्दांखाली लाल रेघा दिसतात त्यातल्या कितीतरी याच कारणाने. तुमचं शुद्धलेखन गेलेलं नसतं. त्या रूपापर्यंत नियम लिहिणारा पोचलेला नसतो.

सुचवण्या कुठून येतात?

रेघेवर राइट-क्लिक केलं की दोन-चार पर्याय दिसतात. यंत्राला आपल्या मनातलं कळलं असं क्षणभर वाटतं. प्रत्यक्षात तो हिशेब असतो.

१९६४ मध्ये फ्रेड डॅमेराउ यांनी चुकलेल्या शब्दांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की ८० टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारांपैकी एकात बसतात: एक अक्षर जास्त पडलं, एक गळलं, एकाच्या जागी दुसरं आलं, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल झाली. म्हणजे यंत्राने चुकीच्या शब्दावर हे चार प्रयोग उलटे करून पाहायचे आणि यादीतला जवळात जवळचा शब्द शोधायचा. ‘पुस्कत’ लिहिलं तर एकच अदलाबदल केली की ‘पुस्तक’ हाती येतं. किती बदल करावे लागले यावरून अंतर ठरतं आणि कमी अंतराचा शब्द वर येतो.

अंतर जवळचं म्हणजे अर्थ जवळचा, असं मात्र नाही. याचं गाजलेलं उदाहरण इंग्रजीतलं. एका जुन्या यादीत ‘कोऑपरेशन’ हा शब्द फक्त मधल्या आडव्या रेघेसह होता. ती रेघ न देता सलग लिहिलं की यंत्र अडायचं आणि सुचवायचं ‘कुपर्टिनो’, जे कॅलिफोर्नियातलं एक शहर आहे. घाईत कुणी होकार दिला की झालं. युरोपीय संघाच्या कागदपत्रांत देशादेशांमधल्या सहकार्याच्या जागी ‘कुपर्टिनो’ छापलं गेलं. अशा चुकांना आता ‘कुपर्टिनो परिणाम’ असंच नाव पडलंय. यंत्राने पकडलेली चूक आपण यंत्राच्याच सल्ल्याने जास्त मोठी केली, असा हा प्रकार.

डोळ्यांना सारखं, यंत्राला वेगळं

हा भाग देवनागरीत लिहिणाऱ्यांनी तरी वाचावाच, कारण इथे भलेभले हैराण होतात. दोन शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, एकाखाली रेघ आणि दुसऱ्याखाली नाही. असं कसं?

संगणक अक्षराचं चित्र बघत नाही. त्यामागचे सांकेतिक क्रमांक बघतो. ‘किती’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, त्याला चार चिन्हं दिसतात: क, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. आता ‘वाऱ्यावर’मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र घ्या. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खालती टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. छापल्यावर फरक शून्य. यादीत मात्र एकाच तऱ्हेचा शब्द असेल तर दुसऱ्या तऱ्हेचा अनोळखी ठरतो. ‘ॲ’चंही तसंच. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत होते, आणि काही कीबोर्ड अजूनही तेच करतात.

जुन्या फाइलींची कथा आणखी वेगळी. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं रोमनच असायची, फक्त त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले. अशी फाइल उघडली की पानभर लाल रेघा. यंत्राच्या दृष्टीने तो अगम्य इंग्रजी मजकूर असतो. तिथे तपासणीचा काही उपयोग नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

व्याकरणाचं काय?

शब्द एकेकटा तपासता येतो. व्याकरण तपासायला वाक्यातल्या शब्दांची एकमेकांशी नाती कळावी लागतात, आणि इथे काम एकदम अवघड होतं.

सुरुवातीच्या साधनांनी याला बगल दिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत ‘रायटर्स वर्कबेंच’ नावाचा संच तयार झाला. तो घासून गुळगुळीत झालेले वाक्प्रचार दाखवायचा, वाक्यांची लांबी मोजायचा. वर्ड ९७ मध्ये व्याकरणाची हिरवी रेघ आली. आता ती निळी झालीय. नियमांवर चालणारी साधनं आधी प्रत्येक शब्दाला लेबल लावतात: हे नाम, स्त्रीलिंगी, एकवचनी, हे क्रियापद, भूतकाळी. मग लेबलांची न जुळणारी जोडी दिसली की बोट दाखवतात.

मराठीत हे लावून बघा. ‘मी लेख वाचला’, ‘मी कविता वाचली’, ‘मी पुस्तक वाचलं’. वाचणारं माणूस एकच, पण क्रियापद जे वाचलं त्याच्या लिंगाप्रमाणे बदललं. वर्तमानकाळात आलं की ते पुन्हा वाचणाऱ्याकडे वळतं. हे सगळं नियमांत बसवता येतं, कष्ट पडतात इतकंच. पण ‘मी काल गेले’ हे वाक्य बरोबर की चूक? बाईने लिहिलं असेल तर बरोबर. पुरुषाने लिहिलं असेल तर बहुधा ‘गेलो’च्या जागी चुकून पडलेलं. उत्तर वाक्यात नाहीच, ते वाक्याच्या बाहेर, लिहिणाऱ्याजवळ आहे. (मी हा लेख इथवर लिहिलाय, मी बाई की पुरुष, हे तुम्हाला तरी सांगता येईल का?)

म्हणूनच बहुतेक ठिकाणी मराठीसाठी शब्दतपासणी मिळते आणि व्याकरणाच्या नावाने शांतता असते. ‘मी कविता वाचला’ या वाक्यातला एकेक शब्द यादीत आहे, म्हणून रेघ नाही.

पण आता एआय आलंय ना?

आलंय, आणि फरक पडलाय हे मान्य करायला हवं. नवी साधनं नुसत्या यादीवर चालत नाहीत. त्यांनी प्रचंड मजकूर पाहिलेला असतो, आणि कुठल्या शब्दामागे कुठला येतो याचा अंदाज त्यांना बसलेला असतो. कुणी ‘आधी केले’ म्हटलं की आपल्या तोंडून ‘मग सांगितले’ आपोआप निघतं, तसं. ‘जागतिक महिला’ यांच्यापुढे ‘दिन’ येणार हे अशा साधनाला ओळखीचं असतं, त्यामुळे ‘दीन’ तिथे खटकण्याची शक्यता भरपूर. रखवालदाराला आता चेहरेही थोडेफार ओळखता येतात.

मात्र ज्याची सवय नाही ते त्याला चूक वाटतं. बोलीतला संवाद, जुन्या पत्रातला उतारा, मुद्दाम मोडलेलं वाक्य, सगळ्याला तो इस्त्री करायला धावतो. त्याहून धोक्याचं असं: ‘त्याने पैसे परत केले नाहीत असं तिचं म्हणणं आहे’ या वाक्याला ‘सुटसुटीत’ करताना कुणी ‘त्याने पैसे परत केले नाहीत’ एवढंच ठेवलं, तर व्याकरण बिनचूक राहील आणि आरोपाची वस्तुस्थिती होईल. जुन्या यंत्राच्या चुका ओबडधोबड असायच्या, नजरेत भरायच्या. या चुका घडी घातलेल्या असतात.

शिवाय असं साधन अनेकदा तुमच्या संगणकावर चालत नाही. मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन तपासून परत येतो. वैद्यकीय अहवाल किंवा करारनामा त्यात टाकण्याआधी हे आठवावं.

वापरून आपणच आळशी होतो का?

याची एक चाचणी झालीय. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३३ विद्यार्थ्यांना पानभर पत्र तपासायला दिलं. काहींना तपासणी चालू असलेला वर्ड प्रोसेसर, काहींना बंद केलेला. यंत्राविना, भाषा चांगली असलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी ५ चुका झाल्या आणि कच्च्यांच्या १२.३. यंत्र चालू असताना चांगल्यांच्या १६ आणि कच्च्यांच्या १७.

म्हणजे ज्यांना येत होतं, त्यांचंच जास्त बिघडलं. जिथे रेघ नव्हती तिथली चूक त्यांनी पुढे जाऊ दिली आणि जिथे रेघ होती तिथला बरोबर मजकूर बदलला. एका छोट्या चाचणीवरून सगळ्या जगाबद्दल बोलू नये, पण त्या कार्यक्रमपत्रिकेत यातलं पहिलं नेमकं झालं होतं.

आधी रखवालदार जागेवर आहे का ते बघा

मराठी मजकुरात सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे एकही रेघ नसणं. त्या मजकुराची भाषा मराठी अशी ठरवलेली असेल, पण मराठी शब्दकोश बसवलेलाच नसेल, तर रेघ येणारच कशी? किंवा भाषेच्या खिडकीत ‘शुद्धलेखन तपासू नका’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण असेल. दुसऱ्याच्या फाइलमधून मजकूर चिकटवला की ती खूण सोबत येऊ शकते. यावर माझा उपाय बाळबोध आहे. कुठलंही काम सुरू करताना आधी ‘कखगघच’ टाइप करायचं. लाल रेघ आली तर रखवालदार हजर आहे. नाही आली तर खुर्ची रिकामी आहे.

‘शब्दकोशात जोडा’ हा पर्याय जपून वापरावा. घाईत चुकीचा शब्द जोडला गेला तर तो तुमच्या प्रत्येक फाइलमध्ये कायमचा बरोबर ठरतो आणि पुढे आठवतही नाही. आपोआप दुरुस्ती, म्हणजे ऑटोकरेक्ट, मी तरी बंदच ठेवते. (घ्या, कळलं तुम्हाला.) रेघ निदान विचारते, ऑटोकरेक्ट न विचारता बदलतं. एक्सेलमध्ये ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी जनुकांची नावं टाकली की त्यांच्या आपोआप तारखा व्हायच्या. २०२० मध्ये शेवटी शास्त्रज्ञांनीच ती नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांचं बारसं सोपं पडलं!

आणि ‘दीन’चं काय केलं? लिबरऑफिसमध्ये अपवादांचा शब्दकोश करता येतो. नेहमीच्या कोशाच्या बरोबर उलटा: त्यात टाकलेला शब्द यादीत असला तरी अडवायचा. वर्डमध्येही वगळायच्या शब्दांची अशी वेगळी फाइल ठेवता येते. माझ्या त्या कोशात सध्या ‘दीन’, ‘पाणि’, ‘सुत’ आणि माझी बोटं हमखास जिथे घसरतात असे आणखी काही शब्द आहेत. हा लेख टाइप करताना त्यातल्या प्रत्येकाखाली लाल रेघ उमटत होती, आणि दर वेळी थांबून बघावं लागत होतं की या वेळी मला खरंच हाच शब्द हवाय ना.